नंदाला झेपतं

आमच्या घरात दोन वाक्यं रोज बोलली जात. एक, "नंदाला झेपतं." दुसरं, "छायाला झेपत न्हाई." छाया म्हणजे मी. त्यातलं दुसरं वाक्य जुनं, माझ्या जन्मापासूनचं, आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडायचं. झेपत नाही म्हणून मी विहिरीवर जात नव्हते, झेपत नाही म्हणून शेणाला हात लावत नव्हते. परीक्षेच्या दिवशी सकाळी मला हमखास उलटी व्हायची. मग आई माझ्या कपाळाला ओला पदर लावून बसायची आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, मला सायकलवर बसवून शाळेच्या फाटकापर्यंत सोडायचे, तेही वाटेत दोनदा "घरी जायचं का गं?" असं विचारून. माझ्या आधीची आईची दोन मुलं जगली नव्हती. त्यामुळे मी जगले हाच माझा पराक्रम समजला जाई आणि त्यापुढे काही करून दाखवावं अशी माझ्याकडून कुणाची अपेक्षा नव्हती. मी बारा वर्षांची होईपर्यंत हे असं छान चाललं होतं. मग नंदा आली.

नंदा माझ्या आत्याची मुलगी, माझ्याहून काही महिन्यांनी मोठी. आत्याचं गाव आंबेगाव तालुक्यात पार पश्चिमेला, भाताच्या मुलखात. ते गाव धरणात गेलं. आत्याला आणि तिच्या यजमानांना लांब कुठेतरी माळावर जमीन मिळाली. तिथे त्यांनी पत्र्याचं छप्पर उभं केलं, पण जवळपास शाळा नव्हती, म्हणून नंदाला आमच्याकडे आणून ठेवलं. आम्ही जुन्नरच्या पूर्वेला, आणे गावाच्या पठारावर. पाणी कमी, दगड जास्त, आणि शेतात बाजरी. नंदा एसटीतून पत्र्याची पेटी घेऊन उतरली, हातपाय धुतले, चहा प्यायली आणि कुणी न सांगता चहाची भांडी घासायला बसली. आईने माझ्याकडे बघितलं. मी माझाही कप नंदापुढे सरकवला.

शेजारच्या रखमाकाकूंनी दुसऱ्याच दिवशी येऊन तिला निरखून घेतलं. काकूंचा आवाज असा की त्या आमच्या ओट्यावर कुजबुजल्या तरी पलीकडच्या वस्तीवर ऐकू जाई. "राहतं घर पाण्यात गेलेलं बघितलं पोरीनं," त्या म्हणाल्या, "पर डोळ्यात टिपूस हाय का बघा! आन आपली छाया, पेन्सिल हरवली तरी दोन दिस जेवत न्हाई." सगळे हसले. मीही हसले, आणि आत जाऊन उशीचा कोपरा चावत बसले. मला नंदाच्या त्या धरणाचासुद्धा हेवा वाटायचा. तिच्याकडे सांगायला अख्खं बुडालेलं गाव होतं, देवळाचा कळस काही दिवस पाण्यावर दिसत होता ही गोष्ट होती. माझ्याकडे बुडवायला साधी गोठ्यातली बादलीही नव्हती.

स्वयंपाकघर आमचं लहान आणि काळं, पण त्यात दिवसभर काही ना काही चालू असे. सकाळी काठवटीत भाकरी थापल्याचा थप थप आवाज, संध्याकाळी लांबून गिरणीचं पुकपुक, आणि थंडी पडली की हुलग्याच्या शेंगोळ्यांना लसणाची फोडणी. त्या फोडणीने मला आजही भूक लागते. मासवड्या करायच्या म्हणजे आईची कसोटी असायची. ओल्या फडक्यावर बेसनाचा पातळ थर पसरायचा, वर तिखट सारण, आणि मग फडक्याच्याच आधाराने वळकटी. मी जवळ गेले की आई म्हणे, "चटका बसंल, लांब हो." नंदाने एकदा बघितलं आणि दुसऱ्या वेळी स्वतः वळली. वडी कापल्यावर मधलं सारण अगदी नेटकं, गोल. अण्णांनी चार वड्या खाल्ल्या आणि "वा, नंदे!" म्हणाले. अण्णा आईलासुद्धा कधी "वा" म्हणत नसत. मी त्या दिवशी पोट दुखतंय म्हणून जेवले नाही. पूर्वी अशा वेळी आई गूळ-तूप घेऊन मागे लागायची. त्या दिवशी तीही वड्या खात बसली.

नंदाने गोठ्यातला विंचू चपलेने मारला. शाळा तपासायला आलेल्या साहेबांपुढे ती न अडखळता कविता म्हणाली, आणि त्याच कवितेत मी दुसऱ्या ओळीला रडले. तिचं बघून मीही हट्टाने भाकरी थापायला बसू लागले, तर माझ्या भाकरीचे रोजच नकाशे होत. कडेला जाड, मध्ये पातळ, आणि उचलताना अंगठ्याचा खड्डा पडलाच पाहिजे. नंदाची भाकरी तव्यावर टाकली की टम्म. महिन्याच्या चतुर्थीला आम्ही ओझरला गणपतीला जात असू. आई डोळे मिटून मुलगा मागायची, कारण तिला परत दिवस गेले होते आणि या वेळी तरी पोर जगू दे म्हणून ती पार हळवी झाली होती. मी तिच्या शेजारी हात जोडून उभी राहायचे आणि मनापासून म्हणायचे, देवा, नंदाला एकदा, फक्त एकदा, झेपू नये. विघ्न हरणाऱ्या देवाकडे मी नेमाने विघ्न मागत होते.

आता माझी मुलगी पुण्यात शाळेत शिकवते. ती फोनवर सांगते की पोरांना अवघड प्रसंगाला तोंड देता येतं की नाही हे पुढचं, आधी त्यांना आपल्याला जमेल असं वाटावं लागतं. मी "हो गं" म्हणते. मनात येतं, वाटणार कुठून? घरातली माणसं जे बोलतात तेच पोर स्वतःविषयी खरं मानतं. मला तर झेपत नाही याची इतकी खात्री होती की शाळेच्या फाटकापाशी पोट आपोआप ढवळायचं. नंदाच्या पोटाचं काय होतं, हे कुणी कधी विचारलं नाही. मीही नाही.

आमच्या भागात आण्याच्या यात्रेला आमटी-भाकरीचा प्रसाद असतो. आमटी तिथेच शिजते, माणूस आत उतरेल एवढ्या मोठ्या कढयांत, आणि तिचा मसाल्याचा वास वाऱ्याबरोबर आमच्या शिवारापर्यंत येतो. भाकरी मात्र घराघरातून जातात. प्रत्येकाने आपल्या चुलीवर बाजरीच्या भाकरी करायच्या, सकाळी गावातून ट्रॅक्टर फिरतो, त्यात आपली टोपली चढवायची. तिकडे सगळ्या भाकऱ्यांचा एकच ढीग. कुणाच्या पानात कुणाची भाकरी पडेल याचा नेम नाही. आमच्या घरची टोपली कधी चुकली नव्हती. दुसरं मूल गेलं त्या वर्षीही आईने डोळे पुसत भाकरी थापल्या होत्या म्हणतात. नंदा आली त्या वर्षी यात्रेच्या आधीच डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायचं नाही असं बजावलं, म्हणून ती ओतूरला माहेरी जाऊन राहिली होती, दवाखान्याजवळ. निघताना तिने एकच गोष्ट बजावली. "नंदे, यात्रेची भाकरी चुकू द्यायची न्हाई. या पोराच्या पायगुणाची गोष्ट हाय." मी तिथेच उभी होते, दाराला टेकून. माझ्याकडे वळून ती म्हणाली, "तू थंडीत भाईर फिरू नको."

नंदाने यात्रेची तयारी महिनाभर आधी सुरू केली. ऐन वेळी गिरणीत रांगा लागतात, म्हणून तिने बाजरी निवडली, उन्हात दिली, आणि सगळी दळून आणून पत्र्याच्या डब्यात भरली. देवाच्या कामाचं म्हणून डब्याला फडकं बांधून उंचावर ठेवून दिला. रोजच्या भाकरीला त्यातलं चिमूटभरही घेत नव्हती. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला तो डबा दाखवायचे. "बघा राव, आतापास्नं तयारी!" मी त्या डब्याकडे बघायचे आणि जळफळायचे.

यात्रेच्या आदल्या संध्याकाळी ओतूरहून निरोप आला की आईला कळा सुरू झाल्यात. अण्णा कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून निघून गेले. जाताना नंदाला म्हणाले, "तू हायेस, मला घोर न्हाई." पहाटे नंदाने मला उठवलं तेव्हा चूल पेटलेली होती आणि काठवट धुवून ठेवली होती. माझं काम सरपण पुरवायचं. मी तुराट्यांचा भारा घेऊन आले तोवर तिने पहिला गोळा मळून थापायला घेतला होता. भाकरी हाताएवढी झाली आणि फाटली. तिने गोळा मोडला, पाणी लावलं, परत मळला. परत फाटली. तिसरी कशीबशी तव्यापर्यंत गेली आणि तिथे तिचे तीन तुकडे झाले. नंदाने एक तुकडा तोंडात टाकला आणि तिचं तोंड वाकडं झालं. मीही चाखला. कडू जहर.

बाजरीचं पीठ ठेवलं की त्याची विरी जाते. म्हणजे चिकटपणा जातो, ते धरून राहत नाही, आणि वर कडवट होतं. आमच्या पठारावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण नंदा तांदळाच्या मुलखातली. तिकडे तांदळाचं पीठ दळून ठेवतात आणि पुरवून पुरवून वापरतात. रोजच्या दळणाला अण्णाच जायचे, लागेल तेवढंच आणायचे, त्यामुळे ही गोष्ट तिला कुणी सांगितलीच नव्हती. डब्यात निवडलेली बाजरी आहे असंच अण्णा आणि मी धरून होतो. सगळं झेपणाऱ्या पोरीला काही सांगावं लागतं, असं आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नाही.

त्या क्षणी मला काय वाटलं? आनंद झाला. अंगावर काटा येईल असा आनंद. देवाने ऐकलं! मी चुलीपाशी उकिडवी बसून नंदाच्या तोंडाकडे बघत राहिले, एखादा आवडीचा पदार्थ बघावा तशी. तिने उरलेलं पीठ उपसून पाहिलं, अगदी तळापर्यंत. मग उकळतं पाणी घालून बघितलं. भाकरी थोडी धरली, पण कडूपणा कुठे जाणार? मग ती उठली, हात धुतले, पुसले, परत धुतले. आणि मग काम तसंच टाकून दाराच्या उंबऱ्यावर बसली. मी तिला असं कधीच बघितलं नव्हतं.

"छाये," ती म्हणाली, "मामी मला ठिवून घेणार न्हाई आता."

"म्हंजे?"

"मी कामाला येते म्हणून तर ऱ्हाते ना हितं. आईनं निघताना सांगितलंया, काम चुकू देऊ नगं, तक्रार येऊ देऊ नगं. मला जायला दुसरं घर न्हाई."

मी इतके दिवस तिचा जो ताठ कणा बघून जळत होते, तो म्हणजे तिने दिलेलं घरभाडं होतं. पण लगेच मला तिची दया आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला राग आला. आता हिचं दुःखही माझ्याहून मोठं निघालं होतं!

"काकूंना विचारू," मी म्हणाले.

"नगं! कुणाला कळू देऊ नगं. मी बघते कायतरी." पण ती उंबऱ्यावरून उठत नव्हती. काहीतरी म्हणजे काय, ते तिलाही ठाऊक नव्हतं. मोडलेली भाकरी तिने आयुष्यात पहिल्यांदा बघितली होती. मी ती रोज बघत होते. फजिती झाली तर पुढे काय करायचं, यात माझा हात धरणारं त्या घरात कुणी नव्हतं. फजिती झाली की हाक मारायची, मागायचं, रडायचं, कुणीतरी येतं. मी आयुष्यभर तेच करत आले होते. मागायची मला लाज म्हणून नव्हती.

मी परात उचलली आणि रखमाकाकूंच्या दारात गेले. "काकू, आमच्या पिठाची विरी गेली. यात्रेच्या भाकरीला पीठ द्या."

काकूंचे हात काठवटीत होते. "आगं बया! किती दिसांचं दळण ते? आन गिरणीवाला तर पहाटंच आण्याला वाढायला गेला, कुलूप हाय गिरणीला. माझ्याकडं माझ्यापुरतंच हाय, पोरी. दोन वंजळी घे. आन फुडं माग, देवाचं काम हाय, कोन न्हाई म्हनतंय?"

आणि मी पुढे मागत गेले. थंडीत, बाहेर, जिथे मला फिरायची मनाई होती. वस्तीवरच्या प्रत्येक दारात मी तेच वाक्य म्हणत होते. पहिल्या दोन दारांत पोट ढवळलं, तिसऱ्या दारात उलटी होणार असं वाटलं आणि झाली नाही. चौथ्यापासून मी पोटाकडे लक्ष देणंच विसरले. कुणी ओंजळभर दिलं, कुणी वाटीभर, एका म्हातारबांनी पिठाबरोबर मिठाचा खडाही टाकला. कुणाची बाजरी हिरवट, कुणाची काळसर, कुणाच्या पिठात ज्वारी मिसळलेली. परात जड होत गेली. मी ती डोक्यावर घेतली. त्याआधी मी डोक्यावर कधी काही घेतलं नव्हतं.

परत आले तर नंदा अजून उंबऱ्यावरच. "ऊठ, जाळ घाल," मी म्हणाले. हुकूम सोडायचा हा माझा पहिलाच प्रसंग, आणि मला तो भलताच गोड लागला. ती पिठाला हात लावेना, म्हणून मी थापायला बसले. कडेला जाड, मध्ये पातळ, प्रत्येकीला अंगठ्याचा खड्डा. पण मोडत नव्हत्या. ती शेकत होती, मी थापत होते, आणि ट्रॅक्टरचा आवाज वळणावर आला तेव्हा टोपली भरली होती. रंगाने एक भाकरी दुसरीसारखी नव्हती. त्यातली एक, जरा बरी दिसणारी, मी आईसाठी फडक्यात गुंडाळून शिंक्यावर ठेवली.

ट्रॅक्टरवरच्या माणसाने टोपली उचलली. रखमाकाकू आपल्या दारातून ओरडल्या, "नंदाचं डोकं बघा भाऊ! पीठ बिघडलं तर हातपाय गाळले न्हाईत, छायाला धाडली दारोदार! येवढूशी पोर, पर निभावलं!"

"नंदाला झेपतं," तो म्हणाला आणि ट्रॅक्टर गेला.

मी नंदाकडे बघितलं. ती बोलेल म्हणून वाट बघितली. ती खाली मान घालून राख भरत राहिली. त्या वेळचा माझा संताप मी शब्दांत लिहू शकत नाही. आजही, पन्नाशीच्या दारात उभी राहून, सांधे दुखत असताना, ते वाक्य आठवलं की माझे कान तापतात. मी ठरवलं, आई आली की सगळं सांगायचं. दळण कुणी आणलं, उंबऱ्यावर कोण बसलं, परात कुणाच्या डोक्यावर होती. रोज मनात घोकत होते, एकही शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून.

मुलगा झाला होता. चांगला गुटगुटीत, आणि आवाज रखमाकाकूंच्या तोडीचा. काही दिवसांनी आई त्याला घेऊन आली. ओवाळणं झालं, अण्णा पेढे वाटायला गेले, काकू घरी गेल्या. आई बाळाला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली. मी शिंक्यावरून ती भाकरी काढून तिच्यासमोर ठेवली. एव्हाना ती वाळून खडखडीत झाली होती.

"यात्रेची," मी म्हणाले. आणि घोकलेलं सगळं तोंडावर आलं.

आईने भाकरी हातात घेतली. कडेवरून बोट फिरवलं. अंगठ्याच्या खड्ड्यात आपला अंगठा ठेवला. "ही तू थापली," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"समद्या तूच थापल्या?"

मी तोंड उघडलं, पण त्याआधीच नंदा बोलली. "मामी, पीठ मी बिघडवलं. महिनाभर आधी दळून ठिवलं. छायानं मागून आणलं. मी काय बी केलं न्हाई, मी नुसती बसले." हे ती सरळ उभी राहून, कविता म्हणावी तशी म्हणाली. मग म्हणाली, "मी पेटी भरून ठिवलीया."

आईने भाकरी खाली ठेवली. मग हसली. "आगं येडे, तांदळाच्या मुलखातली तू, तुला बाजरीची विरी काय ठावं? चूक माझी हाय, मी सांगितलं न्हाई. हिकडं ये." आणि नंदाचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत मोडला, अगदी त्या भाकरीसारखा. गाव बुडताना जी रडली नव्हती ती आता हमसून हमसून रडायला लागली, आणि आईने तिच्यासाठी मांडी मोकळी केली.

मांडी मोकळी करायची तर आधी बाळ उचलायला हवं होतं. तोवर त्याला हात लावायची मला परवानगी नव्हती, माझ्या हातून पडेल म्हणून. आईने ते उचललं आणि माझ्यापुढे धरलं.

"धर याला," ती म्हणाली. "आन रडला तर मला हाक मारू नको. तुझं तू बघ."

मी त्याला घेतलं. समोर माझ्या आईच्या मांडीवर, माझ्या जागेवर, नंदा डोकं ठेवून रडत होती आणि आई तिच्या केसांतून बोटं फिरवत होती. इतकी जळले मी की डोळ्यांना धड दिसेना. तेवढ्यात बाळाने तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं. आईने मान वर केली नाही. मी तोंड उघडलं, हाक ओठावर आली होती. मग मी त्याला खांद्यावर टाकलं, मानेखाली हात धरला, आणि ओट्यावर येरझाऱ्या घालायला लागले.